दाखल-खारीज

मूलहून सुटलेल्या शेवटच्या एसटीनं
मला आणि दोन पोत्यांना पाराजवळ उतरवलं.
दोघं मदतीला उठले.
"लय जड हाये जी, तांदूळ का?"
म्हटलं, पुस्तकं.
तेव्हापासून पोतं त्यांनी जरा हळू धरलं,
जसं काही आत कोणी झोपलंय.

ड वर्ग वाचनालय. ग्रामपंचायतीची मागची खोली.
ट्यूबलाइटला टपली मारल्याशिवाय ती जागी होत नाही.
रजिस्टरात मी रकाने आखते:
दाखल क्रमांक, पाने, किंमत, वर्ग, शेरा.
वर्ग म्हणजे बाल की प्रौढ.
तिथंच दरवेळी पेन अडतं.

छत्री हरवलेल्या बेडकाचं पुस्तक, जाड पुठ्ठ्याचं,
मी बाल म्हणून चढवलं.
नेलं दौलत निकुरेंनी. मच्छीमार सोसायटी, वय एकसष्ट,
अक्षरओळख यंदाची.
"मोठी अक्षरं हायेत, डोळ्याले लागत नाही."
तीनदा नेलं. चौथ्यांदा विचारलं,
"पन बेडकाले छत्री कायले पायजे जी?"
आणि खरंच उत्तरासाठी
दारात उभे राहिले, जाळ्याचं पाणी गळत.
मला अजून सुचलेलं नाही.

मोटार रिवाइंडिंग, आकृत्यांसकट: प्रौढ.
ते सातवीतल्या तृप्ती वाढईकडे आहे.
मुदत संपली, मागायची हिंमत होत नाही,
कारण माझा मिक्सरही तिच्याकडेच आहे.

खुनाची कादंबरी दुकानातूनच आली शेवटच्या पानाविना.
बदलून आणणार होते.
आता गावात पाच खुनी आहेत,
पानठेल्यावर रोज खटला चालतो,
आणि आशाताईंचा संशय अजून डॉक्टरवरच.
बदलून आणू नका, असा निरोप आला.

पुष्पकला गेडाम केकचं पुस्तक नेते.
ओव्हन नाही, आणायचाही नाही.
निजताना दोन पानं वाचते,
लांबच्या गावांची नावं वाचावीत तशी:
व्हॅनिला, कोको, बटरपेपर.

आणि दाखल क्रमांक सत्याऐंशी.
पाणथळीचे पक्षी. रंगीत. सगळ्यांत महाग.
ते नेलं रंजिता आत्रामनं, पौषात,
आणि त्याच आठवड्यात तिच्या घराला कुलूप.
सगळे मिरची तोडायला तेलंगणात.

तपासणीला साहेब आले. मोजलं. एक कमी.
"खारीज करून टाका, मॅडम. एवढं काय त्यात."
मी पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं.
म्हटलं, पुस्तक कामावर गेलंय.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
मग चहाकडे.

चैत्र अर्धा सरला तेव्हा दार ढकलून ती आली.
उंची वाढलेली, बोटांच्या चिरांत अजून लाल.
पुस्तक ओढणीत बांधलेलं.
उघडलं आणि मी शिंकले.
पुन्हा शिंकले. ती हसली, मग तीही शिंकली.
प्रत्येक पानाच्या शिवणीत तिखट बसलं होतं,
आणि प्रत्येक पक्ष्याखाली, छापील नावाच्या बाजूला,
पेन्सिलीनं आणखी एक नाव.
"आजी सांगे, मी लिवलो. आमच्या गोंडीतले.
खोडू का, मॅडमजी?"
खोडरबर टेबलावरच होतं.
मी ते ड्रॉवरात टाकलं.

तीन चित्रांखाली काहीच नव्हतं.
"हे आजीनं पाह्यलेच नाही," ती म्हणाली,
"पन थे म्हने, जागा ठेव."

रात्री रजिस्टर काढलं. ट्यूबला टपली.
क्रमांक सत्याऐंशी, परत.
वर्गाचा रकाना तसाच सोडला.
शेऱ्यात आधी लिहिलं, "पाने डागाळली".
ते बरं वाटेना.
रेघ मारली, खाली लिहिलं:
वाचताना शिंक येते. रुमाल आणावा.